कैसराचे देणे आणि सीमाभागातली मंडळी

बेळगावात १ नोव्हेंबर या एका तारखेला तीन ठिकाणांहून बोलावणे येते. राज्य सरकारसाठी तो कर्नाटक राज्योत्सव असतो आणि राणी चन्नम्मा चौकात लाल-पिवळ्या ध्वजांची गर्दी होते. मराठी भाषकांच्या मोठ्या वर्गासाठी तो १९५६ पासूनचा काळा दिवस असतो आणि दंडाला काळ्या फिती बांधून सायकल फेरी निघते. ख्रिस्ती पंचांगात मात्र तो सर्व संतांच्या स्मरणाचा दिवस आहे आणि दुसऱ्या दिवशी आमचे कॅथलिक शेजारी आपल्या माणसांच्या कबरींवर मेणबत्त्या लावायला जातात. ख्रिस्ती माणसाने देशाच्या कायद्यांचा आणि संस्कृतीचा आदर करावा, हे वाक्य उपदेशात ऐकताना सोपे वाटते, कारण देश, कायदा आणि संस्कृती या तिन्ही गोष्टी एकाच दिशेला तोंड करून उभ्या आहेत असे त्यात गृहीत धरलेले असते. सीमाभागात तसे नसते. माझा देश भारत आहे, माझ्या रोजच्या व्यवहारावर चालणारा राज्याचा कारभार कन्नडमध्ये चालतो, माझे मन तुकोबांच्या भाषेत घडलेले आहे आणि माझी श्रद्धा यरुशलेमहून निघून, बऱ्याच वळणांनी, मिशनऱ्यांच्या हातून आमच्या घरापर्यंत पोहोचलेली आहे. यांपैकी कोणाचे किती देणे लागते, हा प्रश्न आमच्याकडे तात्त्विक राहत नाही. तो रेशनकार्डाच्या अर्जापासून गणपतीच्या प्रसादापर्यंत रोज पुढ्यात येतो.

अशा वेळी पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, हमखास काढतात तो उतारा म्हणजे बायबलमधल्या रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय. प्रत्येकाने वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या अधीन असावे, कारण अधिकार देवाने नेमलेला आहे, असे प्रेषित पौल तेथे सांगतो. हे पत्र सुमारे इसवी सन ५७ मध्ये, म्हणजे नीरोच्या राज्यात लिहिले गेले आणि ज्यांना ते लिहिले त्या रोममधल्या लोकांनी काही वर्षांपूर्वीच, क्लौद्य कैसराच्या, म्हणजे रोमी सम्राटाच्या, हुकुमाने यहूदी लोकांना शहरातून घालवून दिलेले पाहिले होते. राजसत्ता न्यायी असते असा भाबडा समज त्या वाचकांचा असणे शक्य नव्हते. तरीही पौल त्यांना अधीन राहायला सांगतो आणि पुढे, सातव्या वचनात, देण्याची यादी देतो : ज्याला कर द्यायचा त्याला कर, ज्याला जकात द्यायची त्याला जकात, ज्याचा धाक धरायचा त्याचा धाक आणि ज्याचा मान राखायचा त्याचा मान. या यादीत उपासना नाही, आणि माझ्या मते सगळा अध्याय या न लिहिलेल्या शब्दाभोवती फिरतो. दक्षिण आफ्रिकेत वर्णद्वेषी राजवटीचे समर्थक हाच अध्याय पुढे करत, तेव्हा तिथल्या ख्रिस्ती अभ्यासकांनी १९८५ च्या कैरोस निवेदनात त्या वाचनावर कडक टीका केली होती. आमच्याकडे एवढे टोक कधी गाठले गेले नाही. पण तेरावा अध्याय वाचून झाला की मोर्चाला जाऊ पाहणाऱ्या तरुणांकडे रोखून बघण्याची काही वडील मंडळींची सवय मला लहानपणापासून माहीत आहे.

तो अध्याय लिहिणाऱ्या पौलाचे स्वतःचे वागणे पाहिले, तर हे रोखून बघणे त्याला कितपत मानवले असते याची शंका येते. फिलिप्पै शहरात त्याला चौकशीविना फटके मारून तुरुंगात टाकले आणि दुसऱ्या दिवशी अधिकाऱ्यांनी निरोप पाठवला की त्याला सोडून द्या. पौल गेला नाही. आम्ही रोमी नागरिक आहोत, उघड मारून आता गुपचूप सोडता काय, त्यांनी स्वतः येऊन आम्हांला बाहेर काढावे, असे त्याने उलट कळवले आणि अधिकाऱ्यांना यावे लागले. पुढे यरुशलेममध्ये फटक्यांसाठी बांधले जात असताना त्याने पुन्हा आपले नागरिकत्व दाखवले आणि शेवटी कैसरिया येथे सुभेदार फेस्तासमोर त्याने थेट कैसराकडे दाद मागितली. मला हे सगळे आज्ञाधारकपणाच्या विरुद्ध वाटत नाही. कायद्याने दिलेली वाट शेवटपर्यंत चालणे हाही कायद्याचा मान राखणेच आहे, आणि ज्याला कायदा कस्पटासमान वाटतो तो माणूस त्याच्याकडे दाद मागायला जात नाही.

सीमाप्रश्नाचे मूळ राज्य पुनर्रचनेच्या १९५६ च्या कायद्यात आहे. १९६६ मध्ये महाजन आयोग नेमला गेला, पुढच्या वर्षी त्याचा अहवाल आला, तो महाराष्ट्राने नाकारला आणि २००४ मध्ये महाराष्ट्र शासन सर्वोच्च न्यायालयात गेले. राज्यघटनेच्या ३५०-ब या कलमाखाली भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी नेमला जातो आणि त्याचे एक विभागीय कार्यालय बेळगावात बरीच वर्षे होते. जिथे अल्पसंख्य भाषकांचे प्रमाण १५ टक्क्यांहून अधिक आहे तिथे सरकारी कागदपत्रे त्यांच्या भाषेतही मिळावीत, ही मागणी त्याच चौकटीतली आहे. या मागणीच्या अर्जांवर मी सह्या केल्या आहेत. मात्र त्याच काळात, खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेत शिकवत असताना, मुलांनी कन्नड नीट शिकावे म्हणून मी त्यांच्या पालकांशी वादही घातला आहे, कारण कन्नड न आल्यामुळे सातबाऱ्याच्या कागदासाठी दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत उभे राहणारे शेतकरी मी पाहिले होते. वायव्य कर्नाटक परिवहनच्या बसने सभेला जायचे, कर्नाटकाच्या रेशनचा तांदूळ शिजवायचा आणि सभेत या राज्याचे आपण काहीच देणे लागत नाही असे म्हणायचे, यात खोट आहे. ‘कैसराचे ते कैसराला द्या’ असे सांगण्याआधी येशूने कराविषयी प्रश्न विचारणाऱ्यांकडे नाणे मागितले, तेव्हा ते त्यांच्याजवळच निघाले. कैसराची प्रतिमा असलेले नाणे आणि कैसराचे देणे नाकारण्याची भाषा, दोन्ही त्याच लोकांकडे होती.

१९८६ हे साल माझ्या पिढीच्या बेळगावकरांना वेगळे सांगावे लागत नाही. त्या वर्षी १ जूनपासून कन्नड सक्तीविरुद्ध आंदोलन झाले, पोलिसांच्या गोळीबारात माणसे गेली आणि आजही त्या तारखेला हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकात लोक जमतात. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने एक निकाल दिला, ज्याची बातमी आमच्या शोकाच्या गदारोळात फारशी कोणी वाचली नाही. केरळमधल्या तीन भावंडांना शाळेतून काढून टाकण्यात आले होते, कारण राष्ट्रगीताच्या वेळी ती आदराने उभी राहत, पण गात नसत. ती यहोवाचे साक्षीदार या पंथाची होती आणि देवाच्या प्रार्थनेशिवाय दुसऱ्या कशातही सूर मिसळणे त्यांच्या श्रद्धेला मान्य नव्हते. बिजॉय इमॅन्युएल विरुद्ध केरळ राज्य या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या खटल्यात न्यायालयाने म्हटले की, राष्ट्रगीत गायलाच हवे असे सांगणारा कायदा नाही, उभे राहण्यातून योग्य तो आदर व्यक्त झाला आहे आणि श्रद्धेपोटी गप्प राहण्याला घटनेचे संरक्षण आहे. न्यायमूर्ती ओ. चिन्नप्पा रेड्डी यांनी निकालाच्या शेवटी सहिष्णुतेविषयी लिहिलेल्या ओळी कायद्याच्या विद्यार्थ्यांना आजही पाठ असतात.

त्या पंथाची शिकवण मला पटत नाही; राष्ट्रगीत मी मोकळ्या गळ्याने गाते आणि त्यात मला मूर्तिपूजेचा वासही येत नाही. पण त्या मुलांनी जी रेघ ओढली ती मला फार स्पष्ट दिसते. उभे राहणे हे त्यांना राष्ट्राचे देणे वाटत होते, ते त्यांनी चुकते केले. गाणे त्यांना उपासना वाटत होती, ती त्यांनी राखून ठेवली. हा निकाल मी बऱ्याच उशिरा, शिक्षकांच्या एका प्रशिक्षणात पहिल्यांदा नीट वाचला आणि त्यानंतर आमच्या स्वतःच्या तक्रारींकडे पाहण्याची माझी तऱ्हा थोडी बदलली. आमच्या शाळेत राज्यगीत कन्नडमध्ये गायले जायचे. काही सहकारी ते चालू असताना ओठ मिटून उभे राहत आणि हा विवेकाचा, म्हणजे सदसद्विवेकबुद्धीचा, प्रश्न आहे असे म्हणत. मला तो विवेकाचा प्रश्न वाटला नाही. ते गीत गाताना माझ्या श्रद्धेला कुठेही धक्का लागत नव्हता, धक्का लागत होता तो माझ्या मराठीपणाच्या अभिमानाला. आणि अभिमान दुखावला म्हणून विवेकाचे नाव पुढे करणे ही आम्हा ख्रिस्ती लोकांना लागलेली एक जुनी खोड आहे. भाषेवर अन्याय होत असेल तर तो हक्काचा प्रश्न आहे आणि त्यासाठी अर्ज, सभा, मोर्चा, न्यायालय या वाटा उघड्या आहेत. विवेकाचा नकार त्याहून दुर्मीळ गोष्टीसाठी ठेवावा. बायबलमधल्या मिसर (इजिप्त) देशातल्या शिफ्रा आणि पुवा या सुइणींनी तिथल्या राजाचा, फारोचा, हुकूम मोडला तो नवजात मुलगे मारायला नकार देण्यासाठी. पेत्र आणि इतर प्रेषितांनी न्यायसभेसमोर ‘माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे’ असे सांगितले ते त्यांना येशूचे नावच घेऊ नका असे बजावले होते म्हणून. दुकानाच्या फलकावर ६० टक्के कन्नड असावे या नियमाला मी या पंगतीत बसवू शकत नाही, मग तो नियम मला कितीही जाचक वाटो.

हक्क आणि विवेक अशी दोन खणांत केलेली ही वाटणी नीट चालत होती, तोवर एक कायदा असा आला जो दोन्ही खणांत बसतो. डिसेंबर २०२१ मध्ये आमच्याच शहरातल्या सुवर्ण विधानसौधात हिवाळी अधिवेशन भरले होते आणि तिथे विधानसभेने धर्मांतरविरोधी विधेयक मंजूर केले. पुढच्या वर्षी ते आधी अध्यादेशाच्या आणि मग कायद्याच्या रूपाने लागू झाले. धर्मांतर करू इच्छिणाऱ्याने किमान ३० दिवस आधी जिल्हा दंडाधिकाऱ्याला कळवायचे, विधी करणाऱ्यानेही कळवायचे, त्यावर हरकती मागवल्या जायच्या. जबरदस्तीने, फसवणुकीने वा आमिषाने धर्मांतर घडवल्यास ३ ते ५ वर्षे कैद, आणि ती व्यक्ती स्त्री, अल्पवयीन किंवा अनुसूचित जाती-जमातीची असेल तर १० वर्षांपर्यंत. २०२३ मध्ये नव्या मंत्रिमंडळाने तो रद्द करण्याचा निर्णय जाहीर केला. पण मधल्या काळात मंडळ्यामंडळ्यांतून, म्हणजे चर्चाचर्चांच्या सभासदांत, जी चर्चा झाली, तीत तेरावा अध्याय वाचणारे आणि ‘माणसांपेक्षा देवाची आज्ञा’ म्हणणारे प्रथमच समोरासमोर आले.

या चर्चेत आमची बाजू आम्ही मांडतो तितकी स्वच्छ नाही. सेवाकार्याच्या आडून आकडे वाढवण्याचा उत्साह काही ठिकाणी होता आणि त्याचा त्रास गावागावांतल्या जुन्या, गपगुमान नांदणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांना झाला, हे आपल्यात बोलताना सगळे मान्य करतात आणि बाहेर कोणी बोलत नाही. प्रचाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर घडवण्याचा हक्क येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात सांगितले होते आणि फसवणूक किंवा आमिष यांना शिक्षा असावी याला कोणत्याही प्रामाणिक ख्रिस्ती माणसाची हरकत असू नये. माझी हरकत वेगळ्या जागी आहे. एखाद्या प्रौढ बाईने आपला देव कोणता हे आधी दंडाधिकाऱ्याला कळवायचे आणि मग त्यावर गावाच्या हरकती ऐकायच्या, यात कायदा जकात-कराची हद्द ओलांडून उपासनेच्या दारात उभा राहतो. शिवाय स्त्रिया आणि दलित यांना वेगळ्या, जड कलमात घालताना त्यांना स्वतःचे स्वतः ठरवता येत नाही असे गृहीत धरले आहे, आणि ज्या स्त्रीने आयुष्यभर वर्गात मुलींना ‘स्वतः विचार करा’ असे सांगितले तिला ते सहन होणे कठीण. तरीही माझ्याकडे कोणी सल्ला मागितला असता तर मी म्हटले असते की अर्ज भरा, आणि त्याच दिवशी त्या अर्जालाच आव्हान देणाऱ्या याचिकेवर सही करा. गुपचूप नदीवर जाऊन बाप्तिस्मा देण्यात शौर्य असेल, पण मग चूक कोणाची हे सांगायला पुढे जागा उरत नाही.

हे सांगताना मला बेळगावच्याच बाबा पदमनजी या ख्रिस्ती मराठी लेखकाची आठवण होते. त्यांचा जन्म इथे १८३१ मध्ये झाला आणि १८५४ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्याआधी चारच वर्षे, १८५० मध्ये, धर्म बदलल्यामुळे वडिलार्जित मालमत्तेवरचा हक्क जाऊ नये असा कायदा कंपनी सरकारने केला होता. म्हणजे आज ज्या कायद्याचा आम्हांला जाच वाटतो, त्याच जातीच्या एका कायद्याने आमच्या पूर्वजांचे संरक्षण केले होते, आणि त्या वेळी आमच्या हिंदू नातेवाइकांना तो परक्या राज्याने घरात घातलेला हात वाटला होता. त्यांचे तसे वाटणे अगदीच गैर होते असे मी म्हणणार नाही. कायदा ख्रिस्ती लोकांच्या बाजूचा असतो तेव्हा त्याला देवाची योजना म्हणायचे आणि विरुद्ध जातो तेव्हा फारो आठवायचा, ही सोय आपण आपल्याला देऊ नये.

आमच्या घरातल्या व्यवहारातही देशाच्या कायद्याने मंडळीपेक्षा अधिक न्याय केल्याची उदाहरणे आहेत. १८६९ च्या घटस्फोट कायद्यात नवऱ्याला पत्नीचा व्यभिचार सिद्ध करणे पुरे होते, बायकोला मात्र व्यभिचाराबरोबर क्रौर्य किंवा त्यासारखे आणखी काही सिद्ध करावे लागे. ही विषमता २००१ च्या दुरुस्तीने गेली आणि ती घालवण्यासाठी व्यासपीठावरून फार मोठे आवाज उठल्याचे मला आठवत नाही. चर्चच्या न्यायाधिकरणाने विवाह रद्द ठरवला तरी दिवाणी न्यायालयाच्या निकालाची जागा त्याला घेता येत नाही, असेही सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये सांगितले आहे. यावर नाराज असलेले लोक मला भेटले आहेत. त्यांत बाई क्वचितच असते.

संस्कृतीचे देणे मात्र या सगळ्याहून निराळे आहे, कारण संस्कृती वरिष्ठ अधिकारी नाही आणि ती कर मागत नाही. ‘ख्रिस्ती लोक स्थानिक संस्कृतीचा आदर करतात’ असे आमचेच लोक सौजन्याने म्हणतात तेव्हा मला ते खटकते. पाहुणा यजमानाच्या घराचा आदर करतो तसे ते वाटते, आणि मी इथे पाहुणी नाही. नाताळात आमच्याकडे करंज्या आणि चकल्या होतात, दिवाळीचा आकाशकंदील ताऱ्याच्या आकाराचा करून तो डिसेंबरात दारावर लावला जातो, बायकांच्या मंगळसूत्रात क्रूस असतो, आणि आमच्या उपासनेत नारायण वामन टिळकांचे अभंग टाळांवर म्हटले जातात. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि पुढे ख्रिस्ती कीर्तन उभे केले. त्यांच्या कितीतरी आधी, १६१६ मध्ये, थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइट धर्मगुरूने गोव्यात ओवी छंदात ख्रिस्तकथा सांगितली होती. कॅथलिक चर्चला मिस्सेत, म्हणजे मुख्य उपासनेत, आरती, पंचांग नमस्कार आणि जमिनीवर बसणे यांना रीतसर मान्यता द्यायला १९६९ उजाडावे लागले. आमच्या आजीला अशी मान्यता कोणाकडून घ्यायची असते हेच ठाऊक नव्हते. नवे भात आले की पहिली मूठ ती देवळाच्या म्हणजे चर्चच्या पायरीवर ठेवून यायची, आणि पाळकांना ते आवडत नाही असे कोणी म्हटले तर ‘देवाला आवडतंय न्हवं?’ एवढेच विचारायची.

प्रसादाचा प्रश्न अधिक बारीक आहे. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या दहाव्या अध्यायात पौलाने तो जवळजवळ आमच्या गल्लीत बसून सोडवला आहे. कोणी जेवायला बोलावले तर वाढलेले खा, विवेकासाठी चौकशी करत बसू नका. पण हे मूर्तीला वाहिलेले आहे असे कोणी मुद्दाम सांगितले, तर ज्याने सांगितले त्याच्या विवेकासाठी खाऊ नका. शेजारच्या काकू गणपतीत मोदकांचे ताट पाठवतात तेव्हा त्यातले काही नैवेद्याचे असतात आणि काही नसतात, आणि त्या स्वतःच आमच्या घरासाठी नैवेद्याआधीचे वेगळे काढून ठेवतात. हे त्यांनी कधी बोलून दाखवलेले नाही. मला त्यांच्या सुनेकडून कळले. आरतीला मी त्यांच्याकडे जाते, मागे उभी राहते, टाळ्या वाजवत नाही. माझी बहीण उंबऱ्याबाहेरच थांबते आणि माझा भाचा पुढे जाऊन तबकही धरतो. तिघेही एकाच मंडळीचे सभासद आहोत आणि याबाबत एकमेकांना समजावण्याचे आम्ही सोडून दिले आहे.

मात्र या आपलेपणाच्या नादात संस्कृतीतली प्रत्येक गोष्ट गोड मानून घेता येत नाही. बाबा पदमनजींनी विधवांच्या दुःखाविषयी ‘यमुनापर्यटन’ लिहिले ते १८५७ मध्ये, विधवाविवाहाचा कायदा झाल्यानंतरच्या वर्षी, आणि ते मराठीत, मराठी लोकांसाठी लिहिले. परक्या समाजाची चेष्टा म्हणून लिहिले नाही. जातीचे तेच आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे दलित ख्रिस्ती माणसाला अनुसूचित जातीचा दर्जा मिळत नाही आणि त्यामागे ख्रिस्ती धर्मात जात नसते हे गृहीतक आहे. आमच्या लग्नाच्या बैठकींना ज्यांनी कधी हजेरी लावली आहे त्यांना या गृहीतकावर हसावे की रडावे कळणार नाही. तो आदेश बदलावा म्हणून आम्ही न्यायालयात जातो ते बरोबरच आहे. बैठकीतला प्रश्न मात्र कोणत्याही न्यायालयात नेता येत नाही.

आमच्या चर्चमध्ये सकाळची उपासना मराठीत आणि नंतरची कन्नडमध्ये होते. महिन्यातून एकदा दोन्ही मंडळ्या एकत्र बसतात. तीमथ्याला लिहिलेल्या पत्रात राजांसाठी आणि सर्व अधिकाऱ्यांसाठी प्रार्थना करायला सांगितले आहे, त्याप्रमाणे राष्ट्रपती, पंतप्रधान आणि मुख्यमंत्री यांची नावे घेतली जातात. सीमा खटल्याची तारीख जवळ आली असताना एका ज्येष्ठ सभासदाने सुचवले की एकत्र उपासनेत सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांसाठीही प्रार्थना व्हावी, आणि ती करताना मराठी जनतेला न्याय मिळो असे म्हणावे. कन्नड मंडळीच्या चिटणीसांनी त्यावर हरकत घेतली. त्यांचे कुटुंब इथे आमच्याहून जुने आहे आणि त्यांच्या आईशी माझी आजी कन्नडमध्येच बोलायची. बराच वेळ वाद झाला. यिर्मया संदेष्ट्याने बाबेलात, म्हणजे बॅबिलोनमध्ये, नेलेल्या यहूदी बंदिवानांना ज्या नगरात राहता त्याच्या कल्याणासाठी प्रार्थना करा असे लिहिले होते, हे वचन दोन्ही बाजूंनी आपापल्या बाजूने वापरून पाहिले. आम्ही बाबेलात आहोत काय, असे चिटणीसांनी विचारले तेव्हा थोडे हसूही झाले. शेवटी पाळकांनी न्यायाधीशांना निर्भयपणे आणि पक्षपात न करता निकाल देता यावा एवढीच प्रार्थना केली, आणि निकाल कोणताही आला तरी या छपराखाली दोन्ही भाषांत उपासना चालू राहावी, असे एक वाक्य आपल्या मनाने जोडले. त्या ज्येष्ठांना हे मुळीच पटले नाही. दुसऱ्या वाक्याची गरज नव्हती आणि पहिल्यात राम नव्हता, असे ते बाहेर पडताना मला म्हणाले, आणि पुढच्या पंच कमिटीत हा विषय पुन्हा घ्यायला लावणार असल्याचेही त्यांनी सांगितले.